बैल मोजला, वळू राहिला : गाई-बैलांच्या प्रमाणावरच्या एका जुन्या वादाची उलटतपासणी

(किल्लारी, ता. औसा, जि. लातूर इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांमधला निवडक भाग दिला आहे.)



किल्लारीचं नाव बाहेरच्या माणसापुढं घेतलं की त्याला ३० सप्टेंबर १९९३ आठवतो. साहजिकच आहे. पण आज मी भूकंपावर बोलणार नाही. हा औसा, निलंगा, उदगीर, देवणीचा पट्टा आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जातो, ती म्हणजे देवणी गाय आणि देवणी बैल. पलीकडं नांदेड जिल्ह्यात कंधारला लाल कंधारी. या दोन जातींना समोर ठेवून मला एका जुन्या वादाची चिकित्सा करायची आहे. वाद साधा दिसतो: कळपात नर किती असावेत, माद्या किती असाव्यात, आणि हे प्रमाण ठरवतं कोण?

इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, "गाई लागतील तेवढ्या, वळू एक पुरतो." हे उत्तर बरोबर आहे. जगभरच्या प्राणिसंख्येच्या गणितातही हेच उत्तर मिळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उत्तर एका प्रश्नाचं आहे, आणि आपण ते तीन वेगळ्या प्रश्नांना लावत आलो आहोत. त्यातून देवणीचं काय होतंय, ते आज बघू.

वाद काय होता

१९६६ साली मार्विन हॅरिस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं भारतातल्या 'पवित्र' गुरांवर एक निबंध लिहिला. तोवर बाहेरचे अभ्यासक म्हणत की हिंदू माणूस श्रद्धेपायी निरुपयोगी गाई पोसतो. हॅरिसनं ते उलटं केलं. तो म्हणाला, श्रद्धा बाजूला ठेवा आणि हिशेब बघा. भारतातली शेती बैलावर चालते आणि बैल गायीच्या पोटातून येतो. गाय म्हणजे बैल तयार करणारा कारखाना. वर शेण, गोवऱ्या, थोडं दूध. मग तिला मारायचं नाही हा नियम वेडगळ कसा?

त्याला सगळ्यात कडक उत्तर दिलं ते आपल्या वि. म. दांडेकरांनी. मराठवाड्यात दांडेकर म्हटलं की १९८३ ची समिती आणि अनुशेष आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये, त्यांनी गुरांच्या संख्येचा प्रश्न मांडला होता आणि १९६९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हॅरिसला थेट उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: चारा मर्यादित आहे. नको असलेलं जनावर तुम्ही काढणार नसाल, तर संख्या आवरायचं काम उपासमार करते. चारा वाढवला तर जनावरं सुधारत नाहीत, फक्त वाढतात. म्हणून आधी संख्या, मग सुधारणा.

याच सुमाराला के. एन. राज यांनी दाखवलं की गाय-बैलांचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं आणि त्यामागं शेतीची गरज असते. जिथं ओढकामाला बैल हवा तिथं बैल जास्त. जिथं दुधाला म्हैस हाताशी आहे तिथं गाई कमी. पुढं १९८२ मध्ये ए. वैद्यनाथन, नायर आणि हॅरिस यांनी मिळून गोवंशाच्या लिंगप्रमाणावर एक मोठा लेख लिहिला आणि ही प्रादेशिक तफावत आकड्यांनी मांडली.

त्यातली दोन टोकं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेशात, शंभर गाईंमागं दोनशेहून जास्त बैल. आणि केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक वर्षाच्या आतल्या शंभर कालवडींमागं फक्त ६७ गोऱ्हे. हॅरिसनं १९७९ च्या पुस्तकात ही केरळची गोष्ट सविस्तर दिली आहे. निसर्ग तर गोऱ्हे आणि कालवडी जवळजवळ सारख्याच जन्माला घालतो. मग ते गोऱ्हे गेले कुठं? कुणी मारले नाहीत. शेतकरी शपथेवर सांगत होते की आम्ही असलं पाप करत नाही. पण गोऱ्ह्याला आचळाला कमी वेळ सोडायचं, चारा हातचा राखून घालायचा. भाताच्या लहान तुकड्यांना बैलाची गरज कमी होती. बाकीचं आपोआप घडत होतं.

हा या वादातला सगळ्यात मोलाचा भाग आहे असं मी मानतो. लिंगप्रमाण ही निसर्गानं दिलेली गोष्ट नसून गोठ्यात रोज घडणारी गोष्ट आहे, हे त्यातून पक्कं झालं. जन्माला निम्मे-निम्मे, आणि तीन वर्षांनी दावणीला कोण उभं आहे ते ठरवतं औत, म्हैस आणि बाजार.

मग कमी काय पडलं?

आता चिकित्सेकडं येतो. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप हॅरिसवर. तो समोर दिसेल त्या प्रमाणाला 'जुळवून घेतलेलं' म्हणतो. दोनशे बैल असले तरी जुळलेलं आणि ६७ गोऱ्हे असले तरी जुळलेलं. मग न जुळलेलं प्रमाण दिसतं कसं? १९८२ च्या लेखानं प्रदेशांची तुलना करून ही उणीव बरीच भरून काढली, हे मान्य. पण तुलना झाली ती एकाच काळातल्या प्रदेशांची. ट्रॅक्टर आल्यावर हे प्रमाण किती वेगानं कोसळेल आणि कोसळताना सोबत काय घेऊन जाईल, याचं उत्तर स्थिर चित्रात मिळत नाही.

दुसरा आक्षेप दांडेकरांवर. त्यांचं गणित गाय मोजतं. किती गाई, किती वितात, किती वासरं जगतात. हे काही त्यांचं एकट्याचं नाही. १९४५ साली पॅट्रिक लेस्ली यांनी प्राणिसंख्या वाढीचं जे कोष्टक दिलं, ते आजही जगभर शिकवतात, आणि त्यात फक्त माद्या असतात. नर 'हवे तेवढे आहेत' असं धरलेलं असतं. गुरांची एकूण संख्या काढायला ते पुरतं. पण 'सुधारणा' म्हटलं की प्रश्न बदलतो, आणि सुधारणा हाच तर दांडेकरांचा विषय होता.

तिसरा आक्षेप सगळ्यांवर मिळून आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या साऱ्या वादात 'नर' म्हणजे बैल. आता मंडळी, तुम्हीच सांगा, बैल नर आहे का? खानेसुमारीत आहे. गोठ्यात आहे. पण गाय माजावर आली तर त्याचा उपयोग काय? शंभर गाईंमागं दोनशे बैल असलेल्या प्रदेशात वळू दोनच असू शकतात. म्हणजे लिंगप्रमाणं दोन आहेत. एक कामाचं, दुसरं वंशाचं. वाद झाला तो पहिल्यावर. दुसरं कुणी मोजलंच नाही.

वंशाचं गणित

फळा आहे, म्हणून थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढं जाणार नाही.

समजा गावात २०० गाई आहेत. एक वळू वर्षाला ५० गाई फळवतो असं धरा. म्हणजे चार वळू झाले की काम भागलं. पाचवा ठेवला तरी वासरं वाढत नाहीत. तीनच राहिले तर पन्नास गाई रिकाम्या. वासरांची संख्या इथं ज्याची टंचाई आहे त्यावर ठरते. नर भरपूर असतील तर माद्या मोजा, नर अपुरे असतील तर नर मोजा. १९४९ मध्ये केंडॉल आणि १९५३ मध्ये गुडमन यांनी नर आणि मादी दोघांना धरून जी समीकरणं मांडली, त्यांचा रोख हाच होता. नर आणि मादी दोन्ही एकाच सूत्रात ठेवले की 'वाढ' हा एकट्या मादीचा गुण उरत नाही.

यातला धोका कुठं असतो, ते मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात दिसलं. तिथं सायगा नावाचं हरीण आहे. शिंगं फक्त नराला, आणि औषधाच्या व्यापारात शिंगांना मोठी किंमत. सोव्हिएत संघ मोडल्यावर चोरट्या शिकाऱ्यांनी नरच वेचून मारले. एरवी एक नर डझन-दोन डझन माद्या सांभाळतो, म्हणून थोडे नर गेले तरी फरक पडला नाही. पण प्रमाण साधारण शंभर माद्यांमागं एक नर असं झालं, तेव्हा गाभण राहणंच कोसळलं. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये मिलनर-गलंड आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. त्यात एक निरीक्षण असं होतं की वयस्क माद्या उरलेल्या नराभोवती ठाण मांडून तरण्या माद्यांना हाकलत होत्या. कागदावर 'एक नर इतक्या माद्यांना पुरतो' असं लिहिलं तरी माद्यांचं वागणं त्या समीकरणात नव्हतं.

गायीत हा प्रश्न कृत्रिम रेतनानं सोडवला. एका वळूच्या वीर्यापासून हजारो कांड्या भरतात. आता एक वळू पन्नास गाईंना नाही, लाख गाईंना पुरतो. म्हणजे 'वळू एक पुरतो' हे आधी कधी नव्हतं इतकं खरं झालं. आणि नेमकं इथंच दुसरं गणित सुरू होतं.

१९३१ साली स्यूअल राइट यांनी एक सूत्र दिलं. कळपात डोकी किती, हा एक आकडा. पण पुढच्या पिढीत खऱ्या अर्थानं किती जनावरांचं रक्त उतरतं, हा वेगळा आकडा. त्याला 'प्रभावी संख्या' म्हणू. नर गुणिले माद्या गुणिले चार, आणि त्याला नर अधिक माद्या यांनी भागा. करून बघू:

२०० गाई, २० वळू : प्रभावी संख्या सुमारे ७३.
२०० गाई, ४ वळू : सुमारे १६.
२०० गाई, १ वळू : सुमारे ४.

आणि आता हे बघा. गाई दोनशेच्या हजार केल्या, वळू चारच ठेवले. उत्तर येतं पुन्हा सुमारे १६. आठशे गाई वाढवल्या आणि वंशाच्या हिशेबात जवळजवळ काही जमा झालं नाही. कारण या सूत्रात आकडा वळूंच्या चौपटीपुढं जातच नाही, मग गाई दहा हजार असोत. पशुधनाच्या संवर्धनासाठी जागतिक अन्न व कृषी संघटना निदान ५० ची मर्यादा सांगते. त्याखाली गेलं की दर पिढीला एक टक्क्याहून जास्त रक्त आतल्या आत फिरतं. सोळावर ते तीन टक्क्यांच्या वर जातं, चारवर साडेबारा.

कुणाला वाटेल ही भीती पुस्तकी आहे. होल्स्टीन गाय बघा, आपण जिला एचएफ म्हणतो. उत्तर अमेरिकेत रेतनासाठी वापरले जाणारे जवळपास सगळे होल्स्टीन वळू बापाच्या बाजूनं १९६० च्या दशकात जन्मलेल्या दोन वळूंपर्यंत जातात. त्यातला एक 'चीफ'. त्याच्या लेकींनी दुधाचा पूर आणला. पण त्याच्या रक्तात एक छुपा दोष होता. दोन्हीकडून तो दोष आला की गर्भ टिकत नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा जगभर मिळून पाच लाखांहून अधिक गर्भपात या एका दोषामुळं झाल्याचा अंदाज निघाला. चीफनं दिलेल्या दुधाचा फायदा या तोट्याहून कितीतरी मोठा होता, तेही सांगायला हवं. पण होल्स्टीन कोट्यवधी आहेत, त्यांना तोटा पचला. देवणीला पचेल का?

चांगला गोऱ्हा कुठं जातो

आता आपल्या गोठ्यात या. वंशाच्या प्रमाणात आणखी एक गोष्ट आहे, जी ना हॅरिसच्या लेखात आहे, ना दांडेकरांच्या.

देवणीचा देखणा गोऱ्हा असेल, वानेरा म्हणा, बालंक्या म्हणा, शेवरा म्हणा, उंचापुरा, पाठ सरळ, खुरं काळी. मालक काय करतो? दोन दातांवर आला की चिमटा लावतो, औताला शिकवतो, आणि हाळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जोडी दाखवतो. म्हणजे कळपातला उत्तम नर वंशातून बाद. आणि ज्याला कुणी विचारलं नाही, तो गायरानात मोकळा फिरतो आणि माजावरच्या गाई फळवतो. निवड होते आहे, पण उलटी. १९२८ च्या शाही कृषी आयोगानंही भारतभर भटक्या, निकृष्ट वळूंची तक्रार केली होती. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्यानं निकृष्ट नर खच्ची करण्याची तरतूद केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, तो कायदा आपल्याला लागू नव्हता. इथं देवणी टिकली ती वळू हौसेनं पाळणाऱ्या मोजक्या घराण्यांमुळं आणि देवस्थानांना सोडलेल्या वळूंमुळं. या लोकांचा खर्च कुठल्याही समीकरणात नाही.

बैल गायीला पोसत होता

हॅरिस म्हणतो गाय बैल देते. मी हे वाक्य मराठवाड्यात फिरवून वाचतो: बैल गायीला पोसत होता.

समजा, म्हणजे हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, एका देवणी गायीवर वर्षाला ३० हजार खर्च येतो. दूध आणि शेणाचे २४ हजार येतात. देवणीचं दूध एका वेताला हजार लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळं खड्डा राहणारच. वर्षाला सहा हजारांचा खड्डा. तीन वर्षांत १८ हजार. त्या तीन वर्षांत दोन वेत, एक गोऱ्हा, एक कालवड. गोऱ्हा वाढवून विकला आणि खर्च वजा जाता २५ हजार सुटले, तर खड्डा भरला, सात हजार उरले, वर एक कालवड दावणीला. गाय टिकली.

आता ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याची किंमत पडली. १९७६ च्या कायद्यानं गोहत्येला बंदी होतीच, २०१५ पासून महाराष्ट्रात वळू आणि बैलही त्यात आले. त्या कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलणं हा आजचा विषय नाही. हिशेबापुरतं एवढंच की थकलेल्या बैलाला मिळणारी शेवटची किंमत गेली. आता गोऱ्ह्याच्या खात्यात शून्य लिहा. खड्डा १८ हजारांचा तसाच. मालक गाय काढतो. गोऱ्हा नको झाला म्हणून गाय नको झाली.

देशाचे आकडे काय सांगतात? २०१२ च्या पशुगणनेत शंभर माद्यांमागं साधारण ५५ नर होते. २०१९ मध्ये ३३. सात वर्षांत गाई १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याच काळात संकरित आणि विदेशी गुरं सुमारे २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी गुरं सुमारे सहा टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात एकूण गोवंश दीड कोटीच्या वरून १ कोटी ४० लाखांवर आला. फक्त गाय मोजणाऱ्याला देशभर वाढ दिसते. कुठली गाय वाढली, हा प्रश्न त्या आकड्यात विरघळून जातो.

नव्वद टक्के कालवडी

या पार्श्वभूमीवर ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या शेजारी वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या लिंगवर्गीकृत वीर्याच्या तंत्राचं लोकार्पण झालं. बोलताना सगळे त्याला सेक्स्ड सीमेन म्हणतात. मादी घडवणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो, त्यावरून यंत्र ते वेगळे करतं आणि दहातल्या नऊ वेळा कालवड होते. कांडी स्वस्त होणार, हे चांगलंच आहे.

लेस्लीच्या कोष्टकात हे घाला. दोनशे गाईंपासून १२० वासरं धरली तर साठऐवजी १०८ कालवडी. संख्या झपाट्यानं वाढणार. कागद खूश.

आता माझं उदाहरण परत घ्या. एचएफ किंवा संकरित गायीच्या गोठ्यात प्रत्येक कालवड नफ्याची आहे, गोऱ्हा निव्वळ ओझं. तिथं हे तंत्र वरदान आहे. पण देवणीच्या गोठ्यात? प्रत्येक गाय वर्षाला सहा हजारांचा खड्डा घेऊन येते, आणि तो भरणारा गोऱ्हाच आपण जन्माला येऊ देत नाही. दोन वेतांत दोन कालवडी म्हणजे दोन खड्डे. विकायच्या म्हटल्या तर घेणाराही हाच हिशेब करणार. शिवाय वीर्य वर्गीकरणासाठी निवडले जातात थोडेच वळू, म्हणजे प्रभावी संख्या आणखी खाली. आणि ज्या गोऱ्ह्यांतून पुढचा वळू निवडायचा ते दहात एकच. निवडीला उरलं काय?

म्हणून माझा आक्षेप तंत्रावर नाही. एकाच समीकरणानं दोन वेगळ्या जनावरांचं भवितव्य ठरवण्यावर आहे. दुधाची गाय आणि औताची गाय यांच्या कळपाची वाढ वेगळ्या गोष्टींवर चालते. पहिलीत वाढ मादीवर ठरते. दुसरीत मादीचं जगणंच नराच्या किमतीवर ठरतं. ज्या गणितात ही किंमत नाही ते गणित देवणीसाठी चुकीचं आहे, त्याची आकडेमोड कितीही शुद्ध असो.

दांडेकर आज असते तर म्हणाले असते, बैलाची गरज संपली तर बैलाची जात राखायची कशाला? प्रश्न रोकडा आहे, टाळता येणार नाही. माझं उत्तर असं: उन्हात टिकणारं, कडब्यावर भागणारं जनावर तयार व्हायला शतकं लागली. चारा महाग होईल, पाऊस हुकेल, तेव्हा या रक्ताची गरज दुधासाठीही लागेल. ते रक्त गाईंच्या संख्येत साठवता येत नाही. ते वळूंच्या संख्येत साठतं. म्हणून अनुदान द्यायचं असेल तर गायीइतकंच वळूला द्या. गावागावांत वळूंची अदलाबदल करा, तीन-चार वर्षांवर एकाच ठिकाणी ठेवू नका. देवणी आणि लाल कंधारीसाठी कांड्या साध्याच ठेवा, आणि एकाच नावाजलेल्या वळूच्या नकोत, निदान पंधरा-वीस वेगळ्या घरांतल्या वळूंच्या भरा. आणि पशुगणनेत बैल आणि वळू यांच्या नोंदीला सारखंच महत्त्व द्या. जे कुणी वाचत नाही ते कुणी वाचवतही नाही.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, आमच्याकडं दोन एचएफ आणि एक देवणी आहे. सेक्स्ड सीमेन घ्यायचं का नाही?

उत्तर : दादा, एचएफला खुशाल घ्या. फक्त गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून पहिलारू, निरोगी कालवडीला आधी वापरतात. देवणीला साधी कांडी किंवा चांगला वळू. आणि कांडी कुठल्या वळूची, त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. लेकीला बापाचीच कांडी लागू नये, एवढं तरी त्या वहीनं साधेल.

प्रश्न : सोलापूरकडं नान्नजला माळढोक होते. तिथंही नर कमी पडले का?

उत्तर : तिथं मुळात पक्षीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, गवताळ माळ गेले, वीजतारा आल्या. पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. माळढोकाचा नर ठरलेल्या जागी गळ्याची पिशवी फुगवून, आवाज काढून मादीला बोलावतो. पिल्लं एकटी मादी वाढवते, अंडं बहुतेक एकच. कागदावर एक नर पुष्कळ माद्यांना पुरेल. पण बोलावणाराच नसला तर मादी कुठं जाणार? २०२४ च्या ऑक्टोबरात जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. मोठं यश आहे. तरी ज्या जातीवर ती वेळ आली तिचा हिशेब किती उशिरा झाला, तेही त्यातून दिसतं.

प्रश्न (एक आजी) : वळू पाळा म्हणताव तुम्ही. त्याला खायला कोण घालणार? आमच्या घरी होता. माणसं गाय घेऊन यायची, फळवून न्यायची, नारळ ठेवायची. नारळावर वळू जगतो का?

उत्तर : आजी, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्या भाषणाहून नेमका आहे. नाही जगत. वळूचा फायदा गावाला आणि खर्च एका घराला, हेच त्याच्या कमी होण्याचं कारण. गाय फळवायला आणणाऱ्यानं कृत्रिम रेतनाला देतो तेवढे पैसे वळूवाल्याला द्यायला काय हरकत आहे? आणि उरलेला भार ग्रामपंचायतीनं किंवा शासनाच्या योजनेनं उचलला पाहिजे, कारण तो वळू एका घराचा नसतो. कागदावर मी वीस वळू सहज लिहितो. त्या वीसजणांच्या दावणीला वैरण कुठून येणार, हे ज्या दिवशी गावसभेत ठरेल, त्या दिवशी देवणीचा हिशेब खरा सुरू होईल.